रोमची सात चर्चांची पदयात्रा

रोम शहरात आणि त्याच्या प्राचीन तटाबाहेर मिळून सात मोठी चर्च अशी आहेत की, त्यांना एकाच फेरीत, पायी आणि प्रार्थना करीत भेट देण्याची प्रथा कॅथलिक ख्रिस्ती लोकांत मध्ययुगापासून चालत आली आहे. संत पेत्र, संत पौल, संत सेबास्टियन, लॅटेरनचे संत योहान, पवित्र क्रूस, संत लॉरेन्स आणि सांता मारिया माज्जोरे, म्हणजे मारियामातेचे थोरले चर्च, हा त्यांचा रूढ क्रम असून संपूर्ण फेरी सुमारे २० किलोमीटरची भरते. इटालियन लोक तिला ‘सेत्ते किएझे’, म्हणजे ‘सात चर्च’, एवढ्याच नावाने ओळखतात. कलेच्या इतिहासाच्या पुस्तकांत ही सातही नावे भेटतात, परंतु तेथे ती सुट्या इमारती म्हणून येतात आणि या इमारतींना एकमेकींशी जोडणाऱ्या रस्त्यांना कोणाच्या लेखी फारसे महत्त्व नसते. फेरीची घडण नीट पाहिली तर मात्र तिच्यातील प्रार्थनेचा मोठा भाग रस्त्यावरच होतो, आणि तो तसा व्हावा अशा बेताने सोळाव्या शतकात एका माणसाने तिला आजचे रूप दिले, असे दिसते.

पदयात्रा म्हटले की मराठी वाचकाला पंढरीची वारी आठवणे स्वाभाविक आहे. वारीत मात्र सगळी वाट एका दर्शनाकडे जाते. रोमच्या फेरीचे नाते तीर्थक्षेत्राभोवतीच्या पंचक्रोशी प्रदक्षिणेशी अधिक जवळचे आहे, कारण तिच्यातही एका शहराला वळसा घालीत, ठरलेल्या ठिकाणी थांबत, जवळजवळ निघाल्या जागी परत यायचे असते.

हा वळसा इतका मोठा का, याचे उत्तर रोमन कायद्यात आहे. शहराच्या हद्दीत प्रेत पुरण्यास प्राचीन रोममध्ये मनाई होती, त्यामुळे थडगी शहरातून बाहेर जाणाऱ्या हमरस्त्यांच्या कडेला बांधली जात. पहिल्या तीन शतकांत छळाला बळी पडलेल्या ख्रिस्ती हुतात्म्यांचे देहही अशाच रस्त्यांलगत पुरले गेले. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टन्टाइनने ख्रिस्ती धर्माला राजाश्रय दिला आणि या थडग्यांवर मोठी चर्च उभी राहू लागली, तेव्हा ती साहजिकच वस्तीपासून दूर, मळ्यांत आणि स्मशानांत उभी राहिली. या चर्चना ‘बॅसिलिका’ म्हणतात. मुळात हे नाव रोमन लोकांच्या न्यायदानाच्या व व्यापाराच्या लांबट, खांबांच्या रांगा असलेल्या सभागृहाचे होते. त्याच घाटाची चर्च बांधली गेल्यामुळे ते त्यांना चिकटले आणि पुढे पोपने विशेष मान दिलेल्या चर्चची ती पदवी झाली. संत पौल, संत सेबास्टियन आणि संत लॉरेन्स यांच्या बॅसिलिका आजही सम्राट ऑरेलियनने तिसऱ्या शतकात बांधलेल्या तटाच्या बाहेर आहेत. संत पेत्राची बॅसिलिकाही मूळची तटाबाहेरचीच. तिच्याभोवतीची वेगळी भिंत चौथ्या लिओ या पोपने नवव्या शतकात बांधून घेतली.

मध्ययुगात यात्रेकरू या चर्चना जात त्यामागे एक ठोस कारण होते. कॅथलिक शिकवणीनुसार पाप कबूल करून क्षमा मिळाली तरी त्या पापाचे प्रायश्चित्त उरते, आणि ठरावीक प्रार्थना, दान किंवा यात्रा केल्याने या उरलेल्या प्रायश्चित्तात धर्मसभा सूट देऊ शकते. या सुटीला दंडविमोचन म्हणता येईल. आठव्या बोनिफास या पोपने १३०० साली पहिले ज्युबिली वर्ष, म्हणजे विशेष दंडविमोचनाचे वर्ष, जाहीर केले. पुढे अशी वर्षे दर २५ वर्षांनी येऊ लागली आणि रोमला लोटणारी गर्दी त्या प्रमाणात वाढली. कोणत्या चर्चला भेट दिली की किती सूट मिळते, याच्या याद्या यात्रेकरूंच्या हाती असत, आणि त्या याद्यांच्या भाषेत भक्तीपेक्षा हिशेबाचा सूर अधिक उमटत असे, हे मान्य करावे लागते. मार्टिन ल्यूथरने १५१७ साली दंडविमोचनाच्या ज्या व्यवहारावर घणाघात केला, त्याचीच ही सौम्य बाजू होती. सात चर्चांची फेरी या हिशेबातून बाहेर काढून तिला चिंतनाचे वळण देण्याचे काम फिलिप नेरी यांनी केले.

फिलिप यांचा जन्म १५१५ साली फ्लोरेन्समध्ये झाला. विशीच्या आसपास ते रोमला आले आणि वयाच्या ८० व्या वर्षात असताना १५९५ साली तेथेच वारले. मधल्या साठ वर्षांत त्यांनी हे शहर क्वचितच सोडले. १५२७ साली सम्राट पाचव्या चार्ल्सच्या बेभान सैन्याने रोमची लूट केली होती, त्या जखमा फिलिप आले तेव्हा ताज्या होत्या. दिवसा शिकवणी आणि अभ्यास करणारा हा तरुण रात्री एकटाच शहराबाहेर पडे, सातही चर्चांच्या वाटा तुडवी आणि संत सेबास्टियनच्या चर्चखालच्या भुयारी दफनभूमीत प्रार्थनेत रात्र काढी. या दफनभूमींना कॅटॅकोम म्हणतात. मऊ ज्वालामुखी दगडात कोरलेल्या बोळांच्या दोन्ही भिंतींत एकावर एक कोनाडे करून त्यांत प्रेते ठेवलेली असत. १५४४ सालच्या पेन्टेकॉस्ट सणाच्या सुमारास, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अवतरणाच्या स्मरणदिनी, याच भुयारात त्यांना असा उत्कट अनुभव आला की हृदय फुगून छातीत मावेनासे झाले, असे ते पुढे सांगत. १५५१ साली त्यांना याजकदीक्षा मिळाली आणि सान जिरोलामो या चर्चमधील त्यांच्या खोलीत तरुण कारागीर, कारकून, व्यापारी, दरबारी असे नाना थरांतले लोक संध्याकाळी जमू लागले.

त्यानंतर थोड्याच वर्षांत एकट्याच्या रात्रफेरीची सामूहिक यात्रा झाली. तिच्यासाठी फिलिप यांनी जो दिवस धरला तो त्यांच्या विनोदबुद्धीला आणि व्यवहारज्ञानाला साजेसा होता. ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होण्यापूर्वी रोममध्ये कार्निव्हलचा धुमाकूळ चाले. मुखवटे, मेजवान्या आणि घोड्यांच्या शर्यती यांबरोबर शहरातल्या ज्यूंना लोकांच्या हुर्योत धावायला लावण्याचा अमानुष खेळही त्यात होता, आणि तो थेट १६६८ साली बंद झाला. कार्निव्हलमधला उपवासापूर्वीचा शेवटचा गुरुवार विशेष खाण्यापिण्याचा समजला जाई. नेमक्या त्याच दिवशी फिलिप आपल्या मंडळींना शहराबाहेर घेऊन जाऊ लागले. तरुणांना मौजेपासून तोडण्यासाठी केवळ दटावणे पुरत नाही, त्यांना दुसरी मौज द्यावी लागते, हे त्यांनी ओळखले होते. सुरुवातीला मूठभर असलेली ही मंडळी काही वर्षांतच हजारांच्या घरात गेली.

फेरीतील जेवण हा तिचा गौण भाग नव्हता. सेबास्टियनच्या चर्चहून लॅटेरनकडे परतताना चेलियो टेकडीवर मात्तेई या सरदार घराण्याची बाग लागे. तेथे सगळे गवतावर बसत आणि प्रत्येकाला पाव, अंडे, चीज, सलामी, फळ आणि थोडी वाइन असा माफक शिधा मिळे. त्यापूर्वी वाटेतल्या एका चर्चमध्ये मिस्सा होऊन सर्वांनी ख्रिस्तप्रसाद घेतलेला असे, आणि जेवताना गायन-वादन चाले. सात प्रमुख पातकांत खादाडपणाही मोडतो, हे या मंडळींना पुरते ठाऊक होते, तरीही कोणी उपाशी चालावे असे फिलिप यांना वाटले नाही. ही बाग आज व्हिल्ला चेलिमोन्ताना या नावाने सार्वजनिक उद्यान असून, फिलिप आपल्या शिष्यांशी ईश्वराच्या गोष्टी बोलत ती जागा सांगणारा एक दगडी बाक तेथे दाखवतात.

संगीताचा भागही महत्त्वाचा होता. चालताना म्हणायची भक्तिगीते लॅटिनऐवजी लोकांच्या बोलीत असत. त्यांना ‘लाउदे’ म्हणत. संत पेत्राच्या बॅसिलिकेतील गायकवृंदाचे प्रमुख जोव्हान्नी अनिमुच्चा यांनी फिलिप यांच्या सभांसाठी अशा गीतांना चाली दिल्या आणि १५६३ साली त्यांचा संग्रह छापला. ज्या प्रार्थनागृहात या सभा भरत त्याला ‘ऑरेटरी’ म्हणत असल्यामुळे पुढे तेथे रुजलेल्या, अभिनयाविना गायल्या जाणाऱ्या धार्मिक संगीतकथेला ‘ऑरेटोरिओ’ हे नाव मिळाले. अठराव्या शतकात हॅन्डेलने ज्या प्रकारात आपल्या प्रसिद्ध रचना केल्या, त्याचा उगम असा या मंडळींच्या सभांमध्ये आहे.

फेरीचा खरा गाभा म्हणजे चिंतनाची मांडणी. ख्रिस्ताच्या दुःखसहनाची, म्हणजे अटकेपासून क्रुसावरील मरणापर्यंतची, हकिगत चारही शुभवर्तमानांत आहे. ती एकत्र वाचली की असे ध्यानात येते की त्या रात्री येशूला सतत चालवले गेले: शेवटच्या भोजनाच्या माडीवरून गेथशेमाने बागेत, तेथून धरून हन्नाच्या घरी, हन्नाकडून मुख्य याजक कयफाकडे, कयफाकडून रोमन सुभेदार पिलाताकडे, पिलाताकडून हेरोद राजाकडे, हेरोदाकडून परत पिलाताकडे, आणि शेवटी पिलाताच्या वाड्यापासून कालवारीच्या टेकडीवर. हन्नापुढची चौकशी फक्त योहानाने सांगितली आहे आणि हेरोदाचा प्रसंग फक्त लूकने, म्हणजे ही सात वाटचालींची मालिका कोणा एका लेखकाची नसून भाविकांनी सर्व वृत्तांत जुळवून तयार केली आहे. रूढ झालेल्या क्रमानुसार या सात वाटचाली फेरीच्या सात टप्प्यांना वाटून दिल्या आहेत. त्यामुळे संत पेत्राच्या बॅसिलिकेकडे जाताना मनात गेथशेमानेची वाट असते आणि सांता मारिया माज्जोरेकडे जाताना कालवारीची. शिवाय प्रत्येक टप्प्याला सात प्रमुख पातकांपैकी एक, त्याच्या विरुद्धचा सद्गुण आणि पवित्र आत्म्याचे एकेक दान जोडलेले असते. त्या टप्प्यात ते पातक स्वतःत शोधायचे आणि त्या सद्गुणाची मागणी करायची. काही अंतर मुकाट्याने, काही स्तोत्रे म्हणत, काही मोकळ्या गप्पांत, असा चालण्याचा ताल ठरलेला असतो.

ही मांडणी पाहिली की चालणे हे केवळ पोचण्याचे साधन राहत नाही. ज्या कथेचे चिंतन करायचे तीच चालण्याची कथा असल्यामुळे दुखणारे पाय, ऊन आणि तहान यांना विचारांत आपोआप जागा मिळते. त्यांच्यासाठी वेगळे कल्पनाचित्र उभे करावे लागत नाही. क्रुसाची वाट या अधिक परिचित भक्तिप्रकारात चौदा स्थानके चर्चच्या भिंतींवर ओळीने लावलेली असतात आणि भाविक एकेका चित्रापुढे थांबतो. तेथे भर थांबण्यावर आहे. सात चर्चांच्या फेरीत तो दोन थांब्यांच्या मधल्या अंतरावर आहे, आणि म्हणूनच अनोळखी जमावात निव्वळ चालण्यातून सख्य निर्माण करण्याची ताकद तिच्यात अधिक दिसते.

मधल्या अंतरांनी पाच शतकांत स्वतःचा इतिहासही गोळा केला आहे. फिलिप यांच्या काळी संत पेत्राची बॅसिलिका अर्धवट होती. १५०६ साली सुरू झालेले तिचे काम १६२६ सालापर्यंत चालले, आणि मायकेलअँजेलोने आखलेला घुमट फिलिप यांच्या आयुष्याच्या अखेरीस, १५९० साली, पुरा झाला. म्हणजे त्यांच्या सोबत्यांनी बहुतेक वर्षे प्रार्थना केली ती परांच्यांमध्ये आणि दगड घडवण्याच्या आवाजात. संत पौलाची प्राचीन बॅसिलिका १८२३ साली आगीत जवळजवळ नष्ट झाली. आजची भव्य, काहीशी थंड वाटणारी इमारत ही तिची एकोणिसाव्या शतकातील पुनर्रचना आहे. तेथून सेबास्टियनकडे जाणाऱ्या रस्त्याचे नावच ‘सात चर्चांचा रस्ता’ असून तो गार्बातेल्ला या विसाव्या शतकातील कामगारवस्तीतून आणि दोमितिल्लाच्या कॅटॅकोमवरून जातो. त्याच्या जवळच आर्देआतिने खाणी आहेत, जेथे २४ मार्च १९४४ रोजी नाझी सैन्याने सूड म्हणून ३३५ जणांना गोळ्या घातल्या. फिलिप यांच्या फेरीत नसलेला हा थांबा आजचा यात्रेकरू टाळू शकत नाही, आणि अन्यायाने धरून नेलेल्या माणसाची कथा मनात घोळवीत चालणाऱ्याने तो टाळूही नये.

त्यापुढचे टप्पे थोडक्यात सांगता येतील. लॅटेरनची बॅसिलिका हे रोमचे कॅथीड्रल, म्हणजे रोमचा बिशप या नात्याने पोपचे स्वतःचे चर्च आहे. समोरच्या इमारतीत २८ पायऱ्यांचा पवित्र जिना असून तो भाविक गुडघ्यांवर चढतात. पवित्र क्रुसाच्या चर्चमध्ये सम्राट कॉन्स्टन्टाइनची आई हेलेना हिने जेरुसलेमहून आणलेले मानले जाणारे अवशेष आहेत. संत लॉरेन्सची बॅसिलिका १९ जुलै १९४३ रोजी दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बफेकीत उद्ध्वस्त झाली आणि युद्धानंतर पुन्हा उभारली गेली. सांता मारिया माज्जोरेमध्ये पाचव्या शतकातील मोझेइक चित्रे शाबूत आहेत, आणि पोप फ्रान्सिस यांना २६ एप्रिल २०२५ रोजी तेथे पुरल्यापासून फेरीच्या या शेवटच्या थांब्यावर नवी गर्दी होऊ लागली आहे.

एवढ्या लोकांना रस्त्यावर आणणारा फिलिप यांच्यासारखा माणूस त्या काळच्या अधिकाऱ्यांच्या डोळ्यांवर येणे अटळ होते. चौथा पॉल हा अत्यंत कठोर पोप गादीवर असताना, फिलिप नवा पंथ काढीत आहेत असा संशय घेतला गेला, त्यांची चौकशी झाली आणि काही काळ त्यांच्यावर बंधने आली. तो काळ धर्मसुधारणेच्या झगड्याचा होता. बोलीभाषेत गाणारा, गृहस्थांना प्रवचन करू देणारा जमाव संशयास्पद वाटावा यात नवल नाही. पुढच्या पोपांनी मात्र त्यांना उचलून धरले, आणि १५७५ साली तेराव्या ग्रेगरीने त्यांच्या ‘ऑरेटरी’ याच नावाच्या संघाला मान्यता देऊन वाल्लिचेल्ला येथील चर्च सोपवले. त्याच ज्युबिली वर्षी आन्त्वान लाफ्रेरी या प्रकाशकाने सातही चर्च आणि त्यांच्यामधून फिरणारे यात्रेकरू दाखवणारा मोठा छापील पट काढला, यावरून फेरी किती लोकप्रिय होती याची कल्पना येते.

या सगळ्याचा भारताशी, आणि विशेषतः गोव्याशी, जोडणारा एक दुवा आहे. १५४२ साली गोव्यात उतरलेल्या फ्रान्सिस झेवियर यांची पत्रे फिलिप यांच्या संध्याकाळच्या सभांत वाचली जात, आणि ती ऐकून १५५० च्या दशकाच्या उत्तरार्धात फिलिप व त्यांचे काही सोबती भारताकडे निघण्याच्या विचारात होते. त्यांनी संत पौलाच्या बॅसिलिकेपलीकडील त्रे फोन्ताने मठातल्या एका संन्याशाचा सल्ला घेतला. त्याने सांगितले की फिलिप यांचा हिंदुस्थान रोममध्येच आहे. ते राहिले. १६२२ साली झेवियर आणि फिलिप यांना एकाच समारंभात संतपद मिळाले.

फिलिप यांचा भारतात पोचण्याचा मार्ग पुढे वेगळाच निघाला. युरोपीय धर्मसंघ गोव्यातील देशी याजकांना सहसा सदस्य करून घेत नसत, आणि फिलिप यांचा संघ शपथा न घेता एकत्र राहणाऱ्या, प्रत्येक घर स्वतंत्र असणाऱ्या साध्या याजकांचा असल्यामुळे तो नमुना त्यांना सोयीचा होता. १६८० च्या दशकात जुन्या गोव्यात काही गोमंतकीय याजक असे एकत्र राहू लागले. बाणावलीचे जोझे व्हाझ १६८५ साली त्यांच्यात आले आणि या गटाने ऑरेटरीची नियमावली स्वीकारली. १६८७ साली व्हाझ मजुराच्या वेषात श्रीलंकेत शिरले, कारण तेथील डच सत्तेने कॅथलिक उपासनेवर बंदी घातली होती, आणि १७११ साली कँडी येथे मरेपर्यंत त्या बेटावर वस्त्यावस्त्यांतून फिरत राहिले. त्यांना २०१५ साली कोलंबो येथे संत घोषित करण्यात आले. गोव्याची ऑरेटरी पोर्तुगीज सरकारने १८३५ साली इतर संघांबरोबर बंद केली.

सात चर्चांना भेट देण्याची कल्पना रोमबाहेरही पसरली असून, फिलिपिन्समध्ये आणि लॅटिन अमेरिकेत पवित्र गुरुवारी रात्री आपापल्या गावातील सात चर्चांना जाण्याची चाल आहे. प्रत्यक्ष रोममध्ये वाल्लिचेल्लाचे धर्मगुरू आजही सामूहिक फेरी नेतात, आणि शहरातील वाहतूक ध्यानात घेऊन ती आता रात्री निघते, म्हणजे एका अर्थी फिलिप यांच्या तरुणपणच्या वेळेला परत गेली आहे. २००० सालच्या ज्युबिलीसाठी दुसऱ्या जॉन पॉल या पोपनी सात चर्चांच्या यादीत सेबास्टियनऐवजी दिव्य प्रेमाच्या मातेचे मंदिर घातले होते. ते मंदिर मात्र शहराच्या मध्यापासून दक्षिणेला बारा किलोमीटरच्या आसपास, आर्देआतिना रस्त्यावर आहे आणि ते धरले तर एका दिवसात पायी फेरी पुरी करणे जवळजवळ अशक्य होते. त्यामुळे पायी चालणारे लोक सेबास्टियनच्याच वाटेने जातात.